मधल्या जीपमधला डबा

नागपूरहून परत आल्यापासून जो तो विचारतोय, काय काय पाहिलंस? सीताबर्डीचा किल्ला पाहिला का, तेलंगखेडीचा तलाव पाहिला का, रामटेकला जाऊन आलीस का? नाही, नाही आणि नाही. आठवडाभर नागपुरात राहून मी तीन जीपगाड्या, सहा पत्र्याच्या पेट्या आणि एक कामठी रोड पाहून आले. तो रस्ता मात्र असा पाठ झालाय की डोळे मिटून सांगेन कुठे खड्डा आहे आणि कुठे पोह्यांवर तर्री जास्त घालतात. संत्री आणली आहेत. ज्यांना माझ्या हकिगतीत रस नाही त्यांनी ती घ्यावीत आणि सुखानं घरी जावं. बाकीच्यांनी बसा.

आधी गेले कशाला ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी कॉलेजात संगणक शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहे. गेली काही वर्षं माझ्या डोक्यात एकच खूळ आहे. चालत्या गाड्यांमध्ये लहान लहान संगणक ठेवायचे आणि त्यांनी तारेशिवाय, रेडिओवरून, एकमेकांना निरोप द्यायचे. एका पेटीचा आवाज चार-पाच मैलांपलीकडे जात नाही. म्हणून पहिलीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला, असं करत निरोप पुढे सरकवायचा. गाड्या एका जागी उभ्या असत्या तर यात काही विशेष नव्हतं. पण त्या फिरत असतात. आत्ता जी शेजारी होती ती पाच मिनिटांनी गायब. मग कोण कुठे आहे, कोणाच्या हाती निरोप दिला तर तो पोचेल, हे प्रत्येक पेटीला सारखं शोधत बसावं लागतं.

आणि इथेच घोडं पेंड खातं. लग्नघरात प्रत्येक जण दुसऱ्याला "जेवलात का, जेवलात का" विचारत सुटतो आणि वाढायला कोणी उरत नाही, तसं या पेट्यांचं होतं. कोण कुठे आहे याची चौकशी करण्यातच सगळा वेळ जातो, निरोपाला वाटच मिळत नाही. मी जो प्रोग्रॅम लिहिला त्यात ही चौकशी कमी केली. जवळच्यांची खबर वारंवार घ्यायची, लांबच्यांची सावकाश. कागदावर हे फार छान चालत होतं. खऱ्या गाड्यांत कधी चालवून पाहिलं नव्हतं, कारण पुण्यात मला जीप कोण देणार? कॉलेजात खडूची पेटी मागितली तरी अर्ज करावा लागतो.

जीप मिळाल्या नागपुरात, मधूमुळे. मधुकर गजभिये माझा एम.टेक.चा वर्गबंधू, आता नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवतो. पेट्या त्यानंच बनवल्या. प्रोग्रॅम माझा, पेट्या त्याच्या, आणि पैसे दिल्लीच्या एका समितीचे. समितीनं कळवलं होतं की आमचा माणूस येऊन बघेल. चाललं तर पेट्या नागपुरातच राहतील आणि पुढचं काम तिथेच होईल, नाही चाललं तर पेट्या दिल्लीला जमा. माझं काय, मी पुण्याला परत येऊन फळा पुसला असता. मधूनं मात्र या कामासाठी बंगलोरची चांगली नोकरी सोडली होती. त्याचं म्हणणं, आमच्या पोरांनी दरवेळी गाडी पकडून लांब का जावं, एखादी गोष्ट इथे का होऊ नये.

विचारत ये

जायच्या आधी मी मधूला कॉलेजच्या पत्त्यावर पत्र टाकून घराचा पत्ता मागवला होता. घर नंबर, गल्ली, खूण. उत्तर आलं: "इंदोऱ्याला उतर आणि विचारत ये." मी चिडले. पुण्यात कोणाला असा पत्ता दिला तर तो माणूस संबंध तोडेल. पण इलाज नव्हता. इंदोरा चौकात रिक्षातून उतरले, थंडी मी म्हणत होती, हातात बॅग. पानवाल्याला विचारलं. त्याला गजभिये मास्तर कुठे राहतात ते माहीत नव्हतं, पण ते कोणाला माहीत असेल हे माहीत होतं. "त्या सायकलवाल्याले विचारा." सायकलवाल्यानं बुद्धविहाराकडे बोट दाखवलं. विहारापाशी एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्या सूप खाली ठेवून उठल्याच आणि मला दारापर्यंत घेऊन गेल्या. पूर्ण पत्ता त्यांच्यापैकी एकालाही सांगता आला नसता.

आणि दाराला कुलूप. सगळं घर कोणाच्या तरी बारशाला गेलेलं. मी बॅग खाली ठेवली आणि मनातल्या मनात मधूचा उद्धार सुरू केला. तेवढ्यात शेजारच्या सीतामावशी बाहेर आल्या. पांढरी साडी, डोळ्यांवर जाड भिंगं.

"जय भीम. मधूकडे आल्या का? पुण्याच्या?"

मी हो म्हटलं आणि म्हणाले, मी लॉजवर जाते, उद्या येईन.

"काहून वं बाई? ते येतीनच न आता. मी काय तुले खाऊन राहिली का? बस."

अहो वरून अगं वर यायला त्यांना एक वाक्य पुरलं. मी बसले. त्यांनी चहा दिला, मग पोहे दिले, मग मधूच्या लहानपणच्या गोष्टी दिल्या. त्याचे वडील गिरणीत विणकर होते आणि दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली तेव्हा मधू त्यांच्या खांद्यावर झोपला होता, हे मला त्याच्याबरोबर दोन वर्षं शिकून कळलं नव्हतं ते त्या अंगणात कळलं. तासा-दीड तासानं मंडळी आली. मधूनं मला मावशींच्या खाटेवर पांघरूण घेऊन बसलेली पाहिलं आणि म्हणाला, "आली का? सापडलं न घर?" जसं काही मोठाच पत्ता दिला होता.

मधूची बायको शालूवहिनी. बुटक्या, हसऱ्या, आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा. पहिल्याच जेवणात त्यांनी मला पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा वाढला. एक घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून, नाकातून, मिळेल त्या वाटेनं पाणी आलं. "तिखट लागलं का ताई? तुमच्यासाठी कमीच टाकलं न मी," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. आपल्याकडे आमटीत गुळाचा खडा पडतो हे मी सांगितलं तेव्हा मधूच्या दोन्ही मुलांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की विषय बदलावा लागला. तिसऱ्या दिवसापर्यंत मी तोच रस्सा मागून खात होते, हेही सांगून टाकते.

फुलांच्या पेट्या

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पेट्या पाहिल्या आणि दारातच थबकले. आत सगळं चोख होतं: खाली बॅटरी, वर रेडिओ, मध्ये संगणकाचा सर्किट बोर्ड, जोडण्या अशा स्वच्छ की बघत राहावं. पण पेट्यांवर फुलं. गुलाबी, जर्द, हिरव्या पानांची. दोन पेट्यांवर तर पोपट.

"मधू, हे काय आहे?"

"इतवारीतल्या ट्रंकवाल्याकडून पत्रा बनवून घेतला न. तो लग्नाच्या ट्रंका बनवते. रंगवू नको म्हटलं तरी रंगवल्या. म्हणे, गजभिये साहेब, कोरी पेटी बरी नाई दिसत."

"आणि तू चालवून घेतलंस?"

"त्यानं इतक्या जीव लावून काढले वं ते पोपट. मी काय खरवडू?"

मला राग येत होता आणि हसूही येत होतं, तेव्हा मी दिव्यांकडे वळले. प्रत्येक पेटीवर तीन दिवे होते. लाल लागला की पेटी बोलतेय, हिरवा लागला की ऐकतेय. पिवळ्याचं काय करायचं ते अजून ठरलं नव्हतं.

तीन जीप, एक पेटी कॉलेजच्या गच्चीवर अँटेना लावून, एक पार कन्हानला नदीपलीकडे, एक राखीव. कॉलेजातली पेटी छापणाऱ्या यंत्राला जोडलेली, निरोप आला की कागदावर उमटणार. त्या यंत्रापाशी रामटेकेकाका. काका प्रयोगशाळेचे जुने सहायक, निवृत्तीला आलेले, डोक्याला मफलर. त्यांचा स्वभाव असा की सांगितलेलं काम तंतोतंत करायचं आणि न सांगितलेलं मुळीच नाही. पहिल्या दिवशी आम्ही गंमत म्हणून जीपमधून "काका, चहा टाका" असा निरोप पाठवला. परत आलो तर खरंच चहा तयार. त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही की हसले नाहीत.

पण तो एक निरोप पोचला, त्यानंतरचे पाच हरवले. गाडी एखाद्या गोदामाआड गेली, मालगाडी मध्ये उभी राहिली, की वाट तुटायची. आणि माझ्या प्रोग्रॅमचा नियम असा होता की थोडे प्रयत्न करून वाट सापडली नाही तर निरोप टाकून द्यायचा. मधूला ते पटेना.

"टाकायचा कायले? ठेवून दे न. कोणी भेटलं की देऊ."

"मेमरी किती आहे ठाऊक आहे ना? शिळे निरोप पोटात घेऊन बसलेली पेटी ताजा निरोप कुठे ठेवणार?"

"चार ओळींचा त निरोप राहते. असे किती येतीन?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

मधूनं पान तोंडात सारलं आणि शांतपणे म्हणाला, "परवा सीतामावशीनं तुले कुलूप दाखवून परत पाठवलं असतं, त कसं वाटलं असतं?"

हे मी लगेच मान्य केलं असं समजू नका. मी गच्चीवर जाऊन उन्हात बसले, एक संत्रं सोललं, दुसरं सोललं. जी माणसं वादात असलं बोलतात त्यांच्याशी वाद घालणं हा शुद्ध तोटा असतो. पण तो म्हणत होता त्यात खोट कुठे आहे ते मला सापडेना. खाली आले आणि प्रोग्रॅम बदलायला बसले. आता वाट नसेल तर पेटी निरोप सांभाळून ठेवणार, आणि जी पेटी भेटेल तिच्या हाती त्याची प्रत देणार. निरोप मुक्कामी पोचल्याची खबर मिळाली की मगच आपल्याकडचा पुसायचा. सांभाळून ठेवलेला निरोप पोटात आहे तोवर पिवळा दिवा लागलेला राहील. पिवळ्याला काम मिळालं म्हणून मधू खूश झाला. मी त्याला म्हटलं, फार हसू नकोस, आधी चालू दे.

कामठी

चाचणीच्या दिवशी सकाळी दिल्लीचे भटनागर साहेब आले. उंच, बारीक, अतिशय सभ्य, आणि स्वतःचा चहा स्वतःच्या थर्मासमध्ये घेऊन फिरणारे. त्यांनी पेट्यांवरचे पोपट पाहिले आणि विचारलं, "ये किसकी शादी का सामान है?" मधू कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मला त्या क्षणी भटनागर साहेब अजिबात आवडले नाहीत. पोपटांवर बोलायचा हक्क माझा होता, त्यांचा नाही.

त्यांच्या अटी सोप्या होत्या. ते आणि मधू कन्हानला जातील. तिथे ते स्वतः एक निरोप टाइप करतील, तो कोणी बघायचा नाही, मधूनंही नाही. तो चार वाजेपर्यंत कॉलेजात छापून आला पाहिजे. तिन्ही जीप आपापल्या टापूत फिरत्या हव्यात: पहिली इंदोऱ्याच्या बाजूला, दुसरी कामठीत, तिसरी कन्हानच्या पुलाजवळ. एकदा सुरुवात झाली की पेटीला कोणी हात लावायचा नाही. ड्रायव्हरांनी जेवण त्यांच्या सोयीनं करावं. एवढं बोलून त्यांनी थर्मासचं झाकण लावलं.

मी मधल्या जीपमध्ये, कामठीला. ड्रायव्हर उईके. कमी बोलणारा, गाडी लोण्यासारखी चालवणारा माणूस. निघताना शालूवहिनींनी मागच्या बाकाखाली एक भलंमोठं पितळी पातेलं फडक्यात बांधून सरकवलं होतं, आणि वर भाकऱ्यांचं गाठोडं. मला वाटलं, आम्हा दोघांसाठी. नागपूरच्या मानानं दोघांना एवढं लागत असेल, आपण कशाला बोला.

दहा वाजल्यापासून आम्ही कामठीत फिरत होतो. हातमागाच्या गल्ल्यांवरून, छावणीच्या कडेनं, परत बाजारातून. पहिल्या जीपशी माझ्या पेटीचं छान जमलं होतं. हिरवा, लाल, हिरवा, लाल. तिसऱ्या जीपचा मात्र पत्ता नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. आदल्या दिवशी पुलाजवळून अगदी स्वच्छ ऐकू येत होतं आणि आज एक शब्द नाही. पेटीला हात लावायचा नाही, टापू सोडायचा नाही. नुसतं दिव्यांकडे बघायचं. मी उईकेला दोनदा विनाकारण रागावले. पलीकडे मधू त्या थर्मासवाल्या साहेबांसमोर कसा उभा असेल ते डोळ्यांपुढे येत होतं. मला स्वतःची काळजी नव्हती असं नाही. पण मी हरले तर माझा एक प्रोग्रॅम हरणार होता, आणि तो हरला तर त्याच्या पोरांची प्रयोगशाळा ट्रकमधून निघून जाणार होती.

एक वाजता उईकेनं गाडी एका मोठ्या कडुनिंबाखाली घेतली आणि बंद केली. मी काही विचारायच्या आत इंदोऱ्याच्या बाजूनं पहिली जीप आली. तिचा ड्रायव्हर बावणे उतरला, हात धुवायला लागला. मला कळेना.

"बावणे, तुम्ही इथे कसे? तुमचा टापू तिकडे आहे."

"जेवाले आलो न मॅडम."

"जेवायला इथे?"

"डबा त तुमच्याच गाडीत हाय."

तेवढ्यात धूळ उडवत तिसरी जीपही आली. कन्हानच्या पुलावरची. ज्या गाडीची मी सकाळपासून चातकासारखी वाट बघत होते ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि तिच्यातून शेखभाई उतरले, खिशात घरून आणलेले कांदे. आता मला सगळं कळलं. शालूवहिनींनी तिघांसाठी मिळून एकच पातेलं दिलं होतं, आणि मधल्या जीपमध्ये ठेवलं होतं, दोन्हीकडच्यांना सारखंच जवळ पडावं म्हणून.

माझं डोकं फिरलं. तीन गाड्या तीन ठिकाणी असाव्यात म्हणून आम्ही पत्रापत्री करून महिनाभर नकाशे काढले, आणि या बाईनं एका पातेल्यानं तिन्ही एका झाडाखाली आणल्या. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत जा, मी तुम्हाला वाटून देते, आपापल्या जागी जाऊन खा.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उईके, सबंध सकाळभर न बोललेला उईके, म्हणाला, "गोळाभात हाय मॅडम. तो का वाटून नेते कोणी? गरम तेल टाकून सगळ्यांनी बसून खावं लागते."

"उईके, तिकडे गजभिये सरांचं सगळं काम पणाला लागलं आहे."

"हो, पण वहिनीनं सांगतलं हाय न, एकट्यानं कोणी जेवू नका म्हणून. मंग आमाले विचारतीन त्या."

शेखभाई मध्येच म्हणाले, "मॅडमजी, आमची अँटेना पण वाकली हाय. सकाळीच झाडाची फांदी लागली. हात लावायचा नाई म्हणलं साहेबानं, म्हणून तशीच ठेवली."

झालं. सकाळपासून का ऐकू येत नव्हतं ते कळलं, आणि ते सरळ करायची मनाई. मी कपाळाला हात लावून जीपच्या पायरीवर बसले. बसल्यावर नजर आपोआप शेखभाईंच्या गाडीतल्या पेटीकडे गेली. पोपटाच्या चोचीखाली पिवळा दिवा लागला होता.

मी उठले. माझ्या पेटीपाशी गेले. हिरवा लागला, विझला, पुन्हा लागला. वाकलेल्या अँटेनाला पुलावरून कामठी ऐकू येत नव्हती, पण हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या गाडीशी बोलायला तेवढी पुरेशी होती. आणि मग माझ्या पेटीवरही पिवळा लागला. थोड्या वेळानं पलीकडे बावणेच्या पेटीवरही. कोणी कशाला हात लावला नव्हता. तिघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. ते पातेल्यावरचं फडकं सोडत होते.

"मॅडम, येता ना?" उईकेनं विचारलं.

मी गप आले आणि त्यांच्यात मांडी घालून बसले. डाळीचे गोळे घालून शिजवलेल्या त्या भातावर त्यानं तीन दगडांवर तापवलेल्या तेलाची धार सोडली, मोहरी-लसणीचा वास सुटला, शेखभाईंनी मुठीनं कांदा फोडला. नागपुरात मी खूप चांगलं जेवले, पण त्या कडुनिंबाखालचं जेवण वेगळं. भीती, आशा आणि मिरची एकाच वेळी घशाखाली जात होत्या. त्यांना घाई करा म्हणायची माझी छाती झाली नाही.

जेवण झाल्यावर बावणे इंदोऱ्याकडे गेला, शेखभाई पुलाकडे. माझा पिवळा दिवा तसाच लागलेला. निरोप पोचला तर विझायला हवा होता. पण लांबच्या खबरी सावकाश द्यायच्या हे माझंच तत्त्व, आणि कॉलेज माझ्यापासून लांब. आपल्याच हुशारीचा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता. तीन वाजले तरी दिवा पिवळाच, आणि तेव्हाच भटनागर साहेबांची मोटार कन्हानहून येऊन उभी राहिली. मागच्या बाकावर मधू. त्याचा चेहरा उतरलेला.

"चलिए," साहेब सभ्यपणे म्हणाले. "अब यहाँ क्या करेंगी आप?"

परत

मोटारीत साहेबांच्या समोर मधूला काय सांगणार, आणि सांगायला तरी हातात काय होतं, एक पिवळा दिवा. मधू खिडकीतून बाहेर बघत होता. इंदोऱ्याच्या चौकात त्याला दोघांनी हात केला, त्यानंही केला, पण हसला नाही. मी त्याला इतक्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. त्याच्यासाठी जीव तुटत होता आणि मी नुसती पर्सचा बंद पिळत होते.

प्रयोगशाळेच्या जिन्यातच ठोकाठोक ऐकू आली. वर गेलो. रामटेकेकाकांनी राखीव पेटी गवतात बसवून लाकडी खोक्यात घातली होती आणि वरच्या फळीला खिळे मारत होते. कॉलेजच्या यंत्राच्या तारा सोडून, नीट वेटोळं करून, सुतळीनं बांधलेल्या. दुसरं खोकं तयार होतं.

मधू दारातच थांबला. "हे काय करून राहिले काका?"

"पेट्या बांधून राहिलो न. दिल्लीले पाठवाच्या हायेत."

"कोणी सांगतलं?" त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. त्याला वाटलं असणार, साहेबांनी कन्हानहूनच कुठून तरी फोन केला.

"साहेबानं."

भटनागर साहेब म्हणाले, "मैंने? मैंने तो किसी से बात नहीं की."

काकांनी हातोडी खाली ठेवली, भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेला कागद काढला आणि साहेबांच्या हातात दिला. "हे काय. यंत्रावर आलं. जेवण करून मी बसलोच होतो."

इंग्रजी मोठ्या अक्षरांत तीन ओळी होत्या. चाचणी अयशस्वी. पेट्या बांधायला घ्या. माझं आजच्या गाडीचं तिकीट काढा.

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं. निरोप त्यांचाच होता. पलीकडून सकाळभर काहीच खबर नाही म्हणून वैतागून, आता काही होत नाही असं ठरवून, त्यांनी चाचणीचा निरोप म्हणून हाच कन्हानला टाइप केला होता आणि तो पोचणार नाही याची त्यांना खात्री होती.

"आया कैसे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. वाकलेली अँटेना, पातेलं, कडुनिंब, गोळाभात, सगळं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

"यानी ड्राइवर ले आए," ते म्हणाले. "ये तो डाकिया भी कर लेता."

मधू सावकाश म्हणाला, "साहब, डाकिये को मालूम रहता है कि उसके थैले में चिट्ठी है। इनको तो मालूम ही नहीं था। ये तो खाना खा रहे थे."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग खोक्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. शेवटी त्यांनी रामटेकेकाकांना विचारलं, "टिकट निकाल लिया?"

"निकाललं न साहेब. खालची बर्थ." काकांनी खिशातून तिकीट काढून पुढे केलं.

"वापस कर दीजिए."

काका जागचे हलले नाहीत. एकदा माझ्याकडे, एकदा मधूकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग या पेट्यांचं काय करू? बांधू का नको?"

मधूनं काकांची हातोडी उचलली, जमिनीवर बसला आणि खोक्याच्या फळीचे खिळे उपसायला लागला. मी दुसऱ्या बाजूनं फळी धरली. फळी निघाली, गवत बाजूला केलं, आणि आत पोपट होते.